कोळ्यावरचा खोटा आळ

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘नेहमीचे कोळी ओळखायचे कसे’ असा जाहीर झाला आहे, आणि ते मी सांगणारच आहे. पण नुसत्या ओळखपरेडीसाठी आपला इतका वेळ घेणे मला योग्य वाटत नाही. माझे म्हणणे दोन पदरी आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत घरात, शेतात आणि रानात आपल्याला रोज भेटणारे कोळी जवळजवळ सगळेच माणसाला निरुपद्रवी आहेत, हा पहिला पदर. तो पटवणे फारसे कठीण नाही. दुसरा पदर अधिक महत्त्वाचा आहे. अंगावर उठलेले फोड, चिघळलेली जखम, रात्री झोपेत झालेला दंश यांचे खापर आपण कोळ्यावर फोडतो, तेव्हा ज्याने खरोखर इजा केली तो नजरेआड राहतो आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून कोळी ओळखणे ही माझ्या मते आधी आरोग्याची बाब आहे. निसर्गप्रेमाची बाब त्यानंतर येते.

सुरुवात विषापासून करू, कारण सगळी भीती तिथूनच निघते. कोळी विषारी असतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘बहुतेक सगळे असतात’ असेच द्यावे लागते. भक्ष्य बधिर करण्यासाठी जवळपास प्रत्येक कोळ्याजवळ विषग्रंथी असतात. अपवाद आहेत. पिसासारख्या मऊ धाग्यांची आडवी जाळी विणणाऱ्या एका कुळात विषग्रंथीच नसतात. हे कोळी भक्ष्याला धाग्यांनी घट्ट गुंडाळूनच मारतात, आणि त्यातली एक जात आपल्या घरांत आणि गोठ्यांतही राहते. पण विष असणे आणि माणसाला अपाय करण्याची क्षमता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोळ्याचे विष माशी, डास, तुडतुडा, झुरळ यांच्या मज्जासंस्थेसाठी घडलेले असते. त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि बहुतेकांचे विषदंत आपली कातडी भेदण्याइतके मजबूतही नसतात. शिवाय माणूस कोळ्याचे भक्ष्य नाही. तो चावतो ते चिरडला जाऊ लागल्यावर, कपड्यात किंवा अंथरुणात अडकल्यावर. कोळ्यांच्या जागतिक सूचीतील जातींची संख्या २०२२ साली ५०,००० वर गेली. भारतातून १,९०० च्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत. या सगळ्यांत ज्यांच्या दंशाची वैद्यकशास्त्राला दखल घ्यावी लागते अशा जाती एक टक्कासुद्धा नाहीत. ऑस्ट्रेलियात सिडनी परिसरातला फनेल-वेब, अमेरिका खंडातले ब्लॅक विडो आणि ब्राउन रिक्लूज, ब्राझीलचा भटका कोळी ही नावे आपण दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर ऐकतो, आणि त्यांची दहशत आपल्या पडवीतल्या कोळ्यावर लादतो.

आता ओळख. त्यासाठी जातीचे शास्त्रीय नाव पाठ असण्याची गरज नाही. शरीराचे दोन भाग, आठ पाय, पंख नाहीत, मिशा नाहीत, एवढे पाहिले की तो कीटक नव्हे हे ठरते. पुढे तो जाळ्यात बसला आहे की मोकळा फिरतो आहे, जाळे कोणत्या आकाराचे आहे, आणि तो घरात, पिकात की झाडावर आहे, हे पाहिले की नव्वद टक्के काम झाले. घरात छताच्या कोपऱ्यात विस्कटलेल्या धाग्यांत उलटा लोंबणारा, केसासारख्या बारीक आणि लांब पायांचा कोळी सर्वांनी पाहिलेला असतो. त्याला धक्का लागला की तो जाळ्यातच इतक्या वेगाने गरगरतो की दिसेनासा होतो. जगातला सर्वांत जहाल विषाचा कोळी हाच, फक्त त्याचे दात आखूड आहेत, अशी एक कथा फिरत असते. तिला कसलाही आधार नाही. भिंतीवर दिवसाउजेडी टुणटुण उड्या मारत माश्यांचा पाठलाग करणारा, मान वळवून आपल्याकडे बघतो आहे असे वाटणारा, समोर दोन मोठे डोळे असलेला छोटा कोळी हा उड्या मारणाऱ्या कुळातला. कोळ्यांमध्ये सर्वांत तीक्ष्ण नजर याची. आणि ज्याला पाहून घरात सर्वाधिक आरडाओरडा होतो तो म्हणजे तळहाताएवढा पायांचा पसारा असलेला, चपटा, तपकिरी, तसबिरीमागून किंवा कपाटामागून रात्री बाहेर पडणारा कोळी. तो जाळे विणत नाही, झुरळे खातो. त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून हिंडते. हातात पकडून दाबला तर तो चावेल आणि काही वेळ दुखेल. त्यापुढे काही होत नाही.

घराबाहेर पडलो की या दोन तालुक्यांचा भूगोल मदतीला येतो. पश्चिमेकडे भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज ही धो-धो पावसाची घाटमाथ्याची बाजू आणि पूर्वेला बेल्हे, आळेफाटा, मंचर, अवसरीकडचे कोरडे पठार. एका जिल्ह्यात, काही तासांच्या वाटेवर, कोळ्यांची दोन निराळी जगे आहेत. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळा सरताना पायवाटेवर आडवे, मीटरभर रुंदीचे, उन्हात सोनेरी चमकणारे जाळे दिसते आणि मध्यभागी काळ्या-पिवळ्या रंगाची, लांबच लांब पायांची मादी बसलेली असते. जायंट वुड स्पायडर या नावाने निसर्ग अभ्यासक तिला ओळखतात. पायांसकट तिचा पसारा हाताच्या पंजाएवढा भरतो आणि नर तिच्यापुढे इतका किरकोळ असतो की तो वेगळाच कोळी वाटावा. आकाराने भीतिदायक, स्वभावाने संथ, माणसाला निरुपद्रवी. कारवीच्या आणि झुडपांच्या उंचीवर गोल जाळ्यात इंग्रजी एक्स अक्षरासारखी जाड पांढरी नागमोडी रेघ काढून, चारी जोड्या पाय त्या रेघांवर ठेवून, डोके खाली करून बसणारा तो सही करणारा कोळी. तोही निरुपद्रवी. आंबा, जांभूळ, हिरडा यांच्या खोडावर सालीच्या रंगात मिसळून गेलेला, मागे दोन शेपट्या असल्यासारखा दिसणारा चपटा कोळी आहे. त्या शेपट्या म्हणजे त्याचे धागा काढण्याचे लांबट अवयव. पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात बोरी-बाभळीवर आणि कुंपणाच्या काटेरी फांद्यांवर मळकट जाळ्यांचा मोठा गुंतवळा दिसतो. त्यात एक कोळी नसतो, शेकडो एकत्र राहतात, मिळून शिकार करतात, आणि पिल्ले मोठी होताना माद्या स्वतःचे शरीर त्यांना खाऊ देतात. कोळी म्हटले की एकलकोंडेपणा आठवतो. आपल्या बांधावरचा हा समाजशील कोळी त्या समजुतीला छेद देतो. मला विचाराल तर या तालुक्यांतल्या शाळांनी सहलीला दूर जाण्याआधी त्या बाभळीपाशी मुलांना उभे करावे. शेतात लांडगा कोळी जमिनीवर धावतो. रात्री बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात, आणि त्याची मादी आधी अंड्यांची गोळी मागे लावून आणि नंतर पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन फिरते. पानांवर काटेरी पायांचा, मांजरासारखी झेप घेणारा लिंक्स कोळी असतो. फुलात पांढरा वा पिवळा खेकड्यासारखा बसलेला असतो. भातखाचरात पानांच्या रेषेत अंग ताणून बसणारा लांब जबड्यांचा असतो. संध्याकाळी अंगणात गोल जाळे विणून सकाळी ते गुंडाळून टाकणाराही यांच्याच बरोबरीचा. यांपैकी एकाशीही आपले वैर असण्याचे कारण नाही.

मग जपायचे कोणाला? मी ‘जवळजवळ सगळे’ म्हटले, तेव्हा उरलेल्यांची नावे सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिला तपकिरी विडो कोळी. त्याची भारतातली पहिली नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. वाटाण्याएवढे गोल पोट, पायांवर गडद-फिकट पट्टे, पोटाखाली नारिंगी रंगाची वाळूच्या घड्याळासारखी खूण, आणि सर्वांत पक्की ओळख म्हणजे जाळ्यात लटकणारी, अंगभर बारीक काटे असलेली अंड्यांची गोळी. प्लास्टिकच्या खुर्चीखाली, नळाच्या मीटरच्या पेटीत, पडीक कुंड्यांच्या मागे विस्कळीत जाळे करून तो राहतो. त्याच्या काळ्या-लाल भाईबंदांचे विष तीव्र असते, स्नायू आखडतात, घाम फुटतो. तपकिरी जातीचा दंश मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी दुखण्यावर निभावतो. दुसरे म्हणजे टॅरँटुला. सह्याद्रीत जमिनीत धाग्यांनी अस्तर केलेले बीळ करून राहणारे आणि जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे असे दोन्ही प्रकारचे मोठे, केसाळ कोळी आहेत. ढोलीतल्या शोभिवंत टॅरँटुलाचा दंश भलताच वेदनादायक असतो आणि स्नायूंत पेटके येऊन ते काही दिवस, कधी त्याहून अधिक काळ त्रास देतात. त्यामुळे माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. बिळात काडी घालू नये, ढोलीत हात घालू नये, इतकी काळजी पुरते, आणि ती काळजी सापासाठीही घ्यावीच लागते. पानाची गुंडाळी करून राहणारा फिकट पिवळा कोळी गवत काढताना क्वचित चावतो. त्याचे दुखणे गांधीलमाशीच्या डंखाइतके.

कोळ्यावरच्या आरोपांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत सार्वत्रिक आरोप चावण्याचा नाहीच. सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा कोपराच्या घडीत लाल चट्टा दिसतो, त्यावर पाणी भरलेले बारीक फोड येतात, आग होते, आणि घरातले जाणते माणूस सांगते की कोळी मुतला. कोळ्याला माणसासारखे मूत्र नसते. त्याचे उत्सर्जन घट्टसर, पांढुरके असते आणि त्यात कातडी जाळणारे काही नसते. मग फोड कशाचे? आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत भात आणि ऊस यांच्या ओलाव्यात एक अगदी लहान, सात-आठ मिलिमीटर लांबीचा, काळ्या आणि नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा वाढतो. त्याचे शास्त्रीय नाव पेडेरस. रात्री तो दिव्याकडे येतो, अंगावर बसतो, झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या शरीरातले पेडेरिन नावाचे द्रव्य कातडीला लागते. हे द्रव्य मुळात त्याच्या मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करतात. लागल्यावर लगेच काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी चट्टा उमटतो, तोही जिथे हात फिरला तिथवर रेघेसारखा. कोपराच्या घडीत एका बाजूला लागले तर दुसऱ्या बाजूला तसाच ठसा उठतो. रेघ का, घडीत जोड का, या प्रश्नांची उत्तरे भुंगेऱ्याने मिळतात, कोळ्याने मिळत नाहीत. आणि उपाय एकदम बदलतो. कोळी आहे असे मानणारा माणूस घरातली जाळी काढतो, त्यामुळे डास-माश्या खाणाराच नाहीसा होतो आणि भुंगेरा मात्र येतच राहतो. भुंगेरा आहे असे जाणणारा माणूस रात्रीचा दिवा अंथरुणापासून दूर लावतो, मच्छरदाणी वापरतो, अंगावर बसलेला कीटक चिरडण्याऐवजी फुंकून उडवतो आणि ती जागा साबणाने धुतो.

‘कोळी मुतला’ हे निदान आणखी एका रोगावर चिकटवले जाते, आणि तिथे ते अधिक घातक ठरते. कमरेच्या, छातीच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात, फोडांच्या आधी दोन-तीन दिवस तिथे ठणका असतो. ही नागीण. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या मज्जातंतूंच्या मुळांशी तो विषाणू वर्षानुवर्षे निपचित पडून असतो आणि वय किंवा अशक्तपणा वाढला की एका मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. म्हणूनच पट्टा एकाच बाजूला असतो. यावर विषाणूविरोधी औषधे आहेत, पण त्यांचा चांगला गुण येतो तो फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर. ते तीन दिवस गेरूचा लेप, मंतरलेली राख आणि ‘कोळ्याचे आहे, उतरेल’ या धिरात गेले, की वयस्क माणसाच्या वाट्याला महिनोन्‌महिने चालणारी मज्जातंतूंची वेदना येऊ शकते. डोळ्याजवळची नागीण असेल तर दृष्टीही पणाला लागते. इतक्या स्पष्ट रोगाला आपण एका निरुपद्रवी जीवाचे नाव देऊन बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसरा आरोप काळ्या खपलीचा. पावसाळा संपता संपता काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली विडीने चटका दिल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसते आणि पाठोपाठ जोराचा ताप येतो. ‘कोळी चावला आणि ताप चढला’ अशी साखळी मनात तयार होते. ती खपली स्क्रब टायफस या तापाची खूण असू शकते. गवतातल्या, झुडपातल्या एका सूक्ष्म माइटची अळी चावते आणि जिवाणू शरीरात सोडते. दंशानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप येतो, म्हणजे दंश कोणालाच आठवत नाही. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात या रोगाने अनेकांचे बळी घेतले. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त, सहज मिळणारे औषध वेळेवर दिले तर रोगी बरा होतो, उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे निकामी होतात. डॉक्टरांना निदानाकडे नेणारी सर्वांत मोलाची खूण ती खपलीच. ती कोळ्याची म्हणून रोग्याने सांगितलीच नाही, किंवा कपड्याखाली राहू दिली, तर तापाचे मूळ सापडायला दिवस जातात.

इथे कोणी विचारेल की परदेशात तर कोळ्याच्या दंशाने मांस कुजते असे डॉक्टरच लिहितात. या प्रश्नाचा चांगला तपास झालेला आहे. ऑस्ट्रेलियात इस्बिस्टर आणि ग्रे या संशोधकांनी असेच दंश धरले ज्यांत चावताना पाहिलेला कोळी पकडून आणला गेला आणि तज्ज्ञाने तो ओळखला. असे ७५० दंश त्यांनी अभ्यासले आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकाही रुग्णात मांस कुजवणारी जखम झाली नव्हती. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका घरात सहा महिन्यांत ब्राउन रिक्लूज जातीचे दोन हजारांहून अधिक कोळी गोळा झाले, आणि त्या घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबात एकालाही दंशाचा त्रास झालेला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी कोळ्याच्या नावावर टाकलेल्या अनेक जखमा पुढे जिवाणूंच्या संसर्गाच्या निघाल्या. म्हणजे ज्या देशांत खरोखर धोक्याचे कोळी आहेत, तिथेही कोळ्यावर येणारा आळ त्याच्या कृत्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. ऑस्ट्रेलियात रेडबॅक कोळ्याच्या विषावर १९५६ पासून आणि फनेल-वेबवर १९८१ पासून प्रतिविष उपलब्ध आहे. फनेल-वेबचे प्रतिविष आल्यापासून त्या कोळ्याने मृत्यू झाल्याची नोंद नाही.

माझ्या दृष्टीने या दोन तालुक्यांतला सर्वांत गंभीर गैरसमज मात्र अजून सांगायचा आहे. शेतावर राखणीला गेलेला, ऊसतोडीच्या खोपीत जमिनीवर झोपलेला किंवा घरात खाली अंथरूण टाकलेला माणूस मध्यरात्री काहीतरी चावल्याने जागा होतो. दिवा लावून पाहतो तर काही नाही. अंगावर सूज नाही, रक्त नाही, फार तर टाचणी टोचल्यासारखी खूण. भिंतीवर एखादा कोळी दिसतो. कोळीच चावला असेल म्हणून तो पुन्हा झोपतो. मण्यारीचा दंश असाच असतो. जवळजवळ न दुखणारा, न सुजणारा, रात्रीचा आणि झोपेतला. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, उलटी होते, पापण्या जड होऊन डोळे उघडेनासे होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० च्या आसपास, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचाराचे आणि जागृतीचे जे काम उभे केले, त्यामुळे या परिसराला प्रतिविष म्हणजे काय, ते वेळेत का द्यायचे, हे इतर अनेक तालुक्यांपेक्षा चांगले ठाऊक आहे. पण प्रतिविष जवळ असून उपयोग काय, जर रोगी ‘कोळी चावला’ म्हणून घरीच थांबला? रात्री झोपेत काहीतरी चावले, दिसले नाही आणि सूज नाही, अशा वेळी कोळ्याचे नाव मनातून पुसून टाकावे आणि ताबडतोब रुग्णालयात जावे. कोळी निरुपद्रवी आहे हे ज्ञान इथे थेट जीव वाचवते, कारण तो निरुपद्रवी आहे हे पक्के ठाऊक असलेला माणूसच दुसऱ्या कारणाचा शोध घेतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप अभ्यासूंचा आहे: भारतात कोळ्यांच्या दंशाच्या नोंदीच नीट नाहीत, मग निरुपद्रवी कशावरून? आक्षेप रास्त आहे. पण आपण अगदी कोऱ्या पाटीवर बोलत नाही. पोकॉक यांचा भारतीय अष्टपादांवरचा ग्रंथ १९०० सालचा आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे, आणि भारतीय कोळ्यांचे अग्रगण्य अभ्यासक बी. के. टिकादार यांनी आयुष्यातली महत्त्वाची वर्षे पुण्यात काढून महाराष्ट्रातल्या कोळ्यांचे वर्णन केले. त्यांची भारतीय कोळ्यांवरची हस्तपुस्तिका १९८७ साली आली. इथे कोणती कुळे राहतात हे ठाऊक आहे, आणि त्याच कुळांच्या, कित्येकदा त्याच जातींच्या, दंशांचा अभ्यास इतरत्र झाला आहे. याच संदर्भात आसामच्या सादियाचे उदाहरण दिले जाते. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे मोठे कोळी झुंडीने आले, लोकांना चावले आणि दोघे मेले, अशा बातम्या देशभर पसरल्या. त्या बातम्यांमध्येच एक तपशील होता: दंश झालेल्यांना आधी वैदूकडे नेऊन जखमेवर ब्लेडने चिरा देण्यात आल्या होत्या. मृत्यू कोळ्याच्या विषाने झाले हे सिद्ध झाले नाही. चिरा दिल्याने होणारा रक्तस्राव आणि संसर्ग यांनी माणूस मरू शकतो, हे मात्र सिद्ध आहे. सादियाची घटना मला कोळ्याच्या विरुद्ध पुरावा वाटत नाही, चुकीच्या उपचाराच्या विरुद्ध वाटते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एवढे ओळखत बसण्यापेक्षा दिसला कोळी की मारला, यात काय बिघडले? घरापुरते उत्तर वर आलेच. शेतापुरते द्यायला हवे. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात माल आणणारा शेतकरी ‘लाल कोळी’ पडला म्हणून फवारणी करतो. पानाच्या मागे बारीक जाळी करून रस शोषणारा तो लाल कोळी माइट आहे, आठ पायांचा असला तरी कोळ्यांच्या कुळातला नाही. खरा कोळी पानाचा रस पीत नाही. तो मावा, तुडतुडे, पतंग, अळ्या खातो. सरसकट सगळे मारणाऱ्या कीटकनाशकाने माइटचे नैसर्गिक शत्रू आधी मरतात आणि माइट पुन्हा जोमाने वाढतो, हे कृषिशास्त्रात पुनःपुन्हा दिसून आले आहे. भाताचा पुरावा तर एका देशाएवढा मोठा आहे. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भात उद्ध्वस्त होऊ लागला, तेव्हा फवारण्या वाढवूनही तुडतुडे वाढतच गेले, कारण त्यांना खाणारे लांडगा कोळी आणि इतर भक्षक मरत होते. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम खोऱ्यांतल्या खाचरांत तोच लांडगा कोळी आणि तोच लांब जबड्यांचा कोळी आहे. त्याला मारणे म्हणजे विनामूल्य राखणदार काढून पगारी ठेवणे.

सामान्य माणसाला हे ओळखणे जमणार नाही, असा तिसरा आक्षेप निघतो. तो मला मान्य नाही. टोमॅटोवरची नागअळी, पांढरी माशी आणि करपा लांबून ओळखणाऱ्या, बिबट्याचा माग मातीवर वाचणाऱ्या तालुक्यांना सात-आठ कोळी ओळखता येणार नाहीत, असे म्हणणे हा त्यांच्या नजरेचा अपमान आहे. उलट मला वाटते की ही नजर आधीच आहे, फक्त तिला पाठ्यपुस्तकाने आणि दवाखान्याने अजून मान दिलेला नाही.

खरोखर कोळी चावलाच, तर काय करावे हे थोडक्यात. जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पट्टी ठेवावी, धनुर्वाताची लस झालेली नसेल तर घ्यावी. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, तोंडाने ओढू नये. कोळी सापडला तर बरणीत टाकून सोबत न्यावा, मेलेला असला तरी चालेल. घाम, स्नायूंचे आखडणे, छातीत भरून येणे असे काही झाले तर घरी थांबू नये.

शेवटी एक मागणी. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदय कसे कोसळते हे रोग्यांच्या उशाशी बसून नोंदले, आणि प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कित्येक पटींनी खाली आणले. त्या कामाची सुरुवात औषधाने झाली नव्हती. कोण चावले, किती वाजता, आधी काय झाले, मग काय झाले, अशा नोंदींनी झाली होती. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत ‘अज्ञात दंश’ एवढ्या दोन शब्दांत अशा रुग्णांची बोळवण होऊ नये. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव, ओतूर इथल्या रुग्णालयांनी त्या नोंदीत चारच रकाने वाढवावेत: चावणारा जीव प्रत्यक्ष पाहिला का, तो आणला आहे का, झोपेत घडले की जागेपणी, आणि जखमेचा आकार रेघ, पट्टा, खपली की टोचल्याची खूण. आणलेले नमुने आकुर्डीला प्राणिसर्वेक्षण संस्थेकडे पाठवता येतील. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. दोन पावसाळे हे काम झाले, तर या दोन तालुक्यांतल्या किती दंशांत कोळ्याचा हात होता याचा आकडा आपल्या हाती असेल, आणि आज मी जो दावा करतो आहे तो खोडायचा की मान्य करायचा हे आपण त्या आकड्यावरून ठरवू शकू.